वेचणीला हात कुठून आणायचे?

दिवाळी सरली की संध्याकाळी वर्ध्याहून पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्सपाशी थोडं थांबून पाहा. पोरगा बॅग डिकीत टाकतो, माय जवसाच्या चटणीचा डबा त्याच्या हातात कोंबते आणि बाप नुसता उभा असतो. त्याच आठवड्यात समुद्रपूर, देवळीकडे कापसाची पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली असते आणि वेचायला माणूस मिळत नाही. बाया किलोच्या भावाने वेचतात, त्यांना दुसऱ्या गावाहून ऑटोने आणावं लागतं. आकडेही हेच सांगतात. 2001 साली वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 12,36,736 होती, 2011 साली 13,00,774. दहा वर्षांत वाढ जेमतेम पाच टक्के, तर राज्याची सोळा. लहान कुटुंबं हे त्याचं एक कारण, आणि ते चांगलंच आहे. दुसरं कारण मात्र त्या ट्रॅव्हल्समध्ये बसून जातं. एकेकाळी ओघ उलटा होता. रेल्वे आणि कापसाने हिंगणघाट, पुलगाव वाढवलं, गिरण्यांच्या भोंग्यावर घरं चालली. 1936 साली गांधीजी शेगावात राहायला आले, तेव्हा देशभरातून माणसं या खेड्याकडे वळली. तेच आजचं सेवाग्राम. पोरांनी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू चार एकरात दोन भावांचं भागत नाही. पण किती जण गेले हे मोजलं तर पाहिजे. 2021ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून आपण अजून 2011च्याच आकड्यांवर बोलतो आहोत. प्रगणक दारी येईल तेव्हा कोण कुठे गेलं, कशासाठी गेलं, हे त्याला नीट सांगा.