आठ दिवसांचा मुक्काम

संपादक महाशय यांस,


कोकणातील खेड्यात दोन दिवसांपलीकडे पाहण्याजोगे काही नाही, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय मला सर्वथा अमान्य आहे. दापोली तालुक्यात आंजर्ल्यास एका घरगुती बिऱ्हाडी आठ दिवस राहून, पहाटे कड्यावरच्या गणपतीशी उभे राहिल्यावर माडांच्या शेंड्यांपलीकडे सुवर्णदुर्गाचा तट उन्हाने हळूहळू उजळताना ज्याने पाहिला, आणि सायंकाळी हर्णै बंदरात ओल्या वाळूवरील मासळीच्या राशींभोवती चाललेला लिलाव ज्याने ऐकला, त्यास असे म्हणवणार नाही. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेलेला तो दुर्ग, महर्षी कर्व्यांचे बालपण जेथे गेले ते मुरूड, फाल्गुन-चैत्रात कासवांची पिल्ले जेथून समुद्राकडे निघतात ते वेळास, ही सर्व स्थळे त्या एकाच मुक्कामाहून सुखेनैव पाहता येतात. मोटारीच्या खिडकीतून हा मुलूख उमगत नाही; ओसरीवर बसून यजमानांना भरती-ओहोटीची वेळ विचारावी, अनवाणी पुळणीवर उतरावे, तेव्हाच तो बोलू लागतो. सबब पत्रलेखकांनी पुनश्च यावे आणि सवडीने राहावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक