आजारपणाची शिक्षा कुणाला?



जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला फुटबॉल संघाने थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. आनंद झालाच, पण आपल्याच राज्यात या चषकाच्या वेळी घडलेली गोष्टही आठवली.

जानेवारी २०२२ मध्ये ही स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होती. २० तारखेला आपल्या मुलींनी इराणशी बरोबरी केली. २३ तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता, पण तोवर बारा जणींना करोनाची लागण झाली. किमान तेरा खेळाडू उभ्या राहू शकल्या नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे संघाने माघार घेतली असे धरले गेले. विश्वचषकाची वाटही तिथेच बंद झाली.

आजारी मुलींना मैदानात उतरवू नये, याबद्दल दुमत नाही. पण त्या तर हॉटेलात कोंडून राहिल्या होत्या. लागण हॉटेलच्या कर्मचाऱ्यांकडून झाली, असे प्रशिक्षक थॉमस डेनर्बी जाहीरपणे म्हणाले. तसे असले तरी कर्मचाऱ्यांना दोष देऊन भागत नाही. पगारी रजेची खात्री नसेल तर माणूस ताप अंगावरच काढतो. रोवणीच्या दिवसांत आपल्या बाया दुसरे काय करतात?

तीनच महिन्यांनी आयपीएलच्या दिल्ली संघात लागण झाली, तेव्हा पुण्याचा सामना मुंबईला हलवून खेळवला गेला. संस्था वेगळ्या, नियम वेगळे, हे मान्य. पण पुरुषांच्या खेळासाठी वाट निघते आणि बायकांसाठी फक्त नियम उरतो, हे कसे?

तेव्हा भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते भंडारा-गोंदियाचे माजी खासदार प्रफुल्ल पटेल. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी दूरचा नाही. मोहाडीत मुलीला कबड्डीला जायची परवानगी मोठ्या मुश्किलीने मिळते. ती आजारी पडून परत आली, की तीही जाते.

म्हणून साथीच्या काळात स्पर्धा घेणाऱ्यांकडून काही गोष्टी आधीच लेखी घ्यायला हव्यात. राबणाऱ्या प्रत्येकाची तपासणी आणि आजारपणात पगारी रजा. खेळाडूंच्या उपचाराचा खर्च आयोजकांकडे. सामना पुढे ढकलण्याची तरतूद. आणि हे ठरवताना खेळाडू मुलींना बैठकीत जागा.

तालुक्याच्या स्पर्धेपासूनच हे विचारायला लागू या. काय उत्तर मिळाले, ते आम्हांला जरूर कळवा.