तापाला ‘साधा’ म्हणू नका

पावसाची झड लागली, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळेनासे झाले, की घरात पहिली शिंक ऐकू येते. आधी शाळेतून आलेला मुलगा शिंकतो. दोन-तीन दिवसांनी त्याची आई कणकणत उठते आणि आठवडा संपायच्या आत आजीही अंथरूण धरते. ‘हवा बदलली, दुसरं काय!’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. पण नुसती हवा बदलल्याने असा ताप येत नाही. तो आणतो फ्लूचा विषाणू. पावसात घरे बंद राहतात, माणसे एकमेकांजवळ बसतात आणि त्याचे काम सोपे होते.

हा विषाणू किरकोळ नाही. १९१८ साली तो मुंबईत शिरला आणि काही महिन्यांत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हाची धास्ती अनेकांना आठवत असेल. तोच विषाणू आता दरवर्षीच्या साथीत सामील झाला आहे. सुदैवाने बहुतेक माणसे आठवडाभरात बरी होतात. मात्र लहान मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले रुग्ण यांना तो महागात पडू शकतो.

सर्दी की फ्लू?

सर्दी हळूहळू येते. नाक गळते, घसा खवखवतो, पण माणूस हिंडता-फिरता असतो. फ्लू अचानक गाठतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी तापाने फणफणतो. थंडी वाजते, अंग मोडून येते, डोके ठणकते, कोरडा खोकला सुरू होतो. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण खोकला आणि थकवा पुढे दोन आठवडेही रेंगाळतो.

आपल्याकडे पावसाळ्यातच डेंग्यू आणि मलेरियाही डोके वर काढतात. नाक-घशाचा त्रास नसताना जोराचा ताप असेल, डोळ्यांच्या मागे दुखत असेल, अंगावर पुरळ आले असेल किंवा ताप थंडी वाजून चढत-उतरत असेल, तर घरी अंदाज बांधत बसू नये; रक्ततपासणी करून घ्यावी.

घरातल्या घरात कसा पसरतो?

खोकताना-शिंकताना उडणाऱ्या बारीक तुषारांतून आणि ते लागलेल्या हातांतून. लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस रुग्ण इतरांना आजार देऊ शकतो. लहान मुले तर त्याहूनही जास्त दिवस. ज्या पदराने आई मुलाचे नाक पुसते, त्याच पदराने ती ताट पुसते आणि त्यालाच हात पुसून पोळ्या लाटायला बसते. घरभर एकच टॉवेल फिरतो. इथेच थोडी शिस्त हवी.

रुग्णाचा टॉवेल, पेला आणि रुमाल वेगळा ठेवावा. खोकताना तोंडावर रुमाल किंवा हाताचा कोपर धरायला मुलांना शिकवावे. बाहेरून आल्यावर, नाक पुसल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने निदान वीस सेकंद हात धुवावेत. पाऊस थांबताच खिडक्या उघडाव्यात. जागा लहान असेल, तर निदान आजी-आजोबांचे आणि तान्ह्या बाळाचे अंथरूण रुग्णापासून दूर घालावे. रुग्णाने आणि त्याची सेवा करणाऱ्याने मास्क लावला, तर उत्तमच.

साथीचा जोर असतानाच गणपती येतात. अंगात ताप असतानाही ‘आरतीला गेलं नाही तर कसं दिसेल?’ म्हणून लोक जातात आणि प्रसादाबरोबर फ्लूही वाटून येतात. औषध न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच मुलाला शाळेत आणि मोठ्यांनी कचेरीत किंवा समारंभाला जावे.

लस कधी घ्यावी?

फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. ती आजार शंभर टक्के रोखत नाही, पण त्याचे गंभीर रूप आणि इस्पितळाची वारी बऱ्याच प्रमाणात टाळते. तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. पुणे, दिल्ली, कोलकाता अशा बहुतेक भागांत साथ पावसाळ्यात जोर धरते. तिथे एप्रिल-मेमध्ये लस घेणे चांगले. श्रीनगरकडे साथ हिवाळ्यात येते, तर चेन्नईत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात. तिकडे राहणाऱ्यांनी त्या हिशेबाने डॉक्टरांना विचारावे.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. पण आईने गरोदरपणात ती घेतली, तर जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळालाही संरक्षण मिळते. सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलाला पहिल्यांदाच लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात.

औषधांची घाई नको

मागच्या वेळचे उरलेले अँटिबायोटिक पुन्हा घेण्याची सवय अनेक घरांत असते. ही औषधे जिवाणूंवर चालतात, फ्लूच्या विषाणूवर नाही. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. मात्र सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांतही तेच औषध असते, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नयेत. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नये. फ्लूमध्ये त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. फ्लूवरचे खास औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास जास्त उपयोगी पडते, म्हणून वर सांगितलेल्या नाजूक गटातल्या रुग्णाने ताप अंगावर न काढता लगेच डॉक्टर गाठावा.

आले-तुळशीचा काढा, हळद-दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला आराम पडतो, पण विषाणू मरत नाही. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. उकळत्या पाण्याचे भांडे मुलांपुढे ठेवून वाफ देऊ नये, भाजण्याचे अपघात असेच होतात. पेज, वरणाचे पाणी, सूप, ताक असे पातळ पदार्थ भरपूर द्यावेत.

तेव्हा थांबू नका

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी किंवा बरळणे, लघवी फार कमी होणे, बाळाने दूध न पिणे, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा जोरात चढणे. यातले एक जरी लक्षण दिसले, तरी रात्र आहे की सुट्टी, हे न पाहता रुग्णाला इस्पितळात न्यावे.

शेवटी गृहिणींसाठी एक गोष्ट. घरातले सगळे आजारी पडले की त्यांची उशी-पांघरुणे त्याच आवरतात, आणि स्वतःला ताप आला की गोळी घेऊन ओट्याशी उभ्या राहतात. पण तापातली विश्रांती हे औषधच आहे. शिवाय खोकत रांधलेले अन्न कुणाच्याच हिताचे नाही. अशा वेळी दोन दिवस खिचडी टाकायचे काम घरातल्या पुरुषांनी हाती घ्यावे. त्याने बाई लवकर बरी होईल आणि बाकीचे घरही आजारातून वाचेल.