हक्क कागदावर, दवाखाना पावणेचारशे किलोमीटरवर



२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. १९७३ साली 'रो विरुद्ध वेड' खटल्यात याच न्यायालयाने तो मान्य केला होता. एवढा जुना हक्क एका दिवसात कसा गेला, असे अनेकींनी विचारले. माझे म्हणणे असे की तो एका दिवसात गेलेला नाही. त्याआधीची कितीतरी वर्षे तिथल्या गरीब बाईपुरता तो संपतच आला होता.

सुरुवात १९७६ची. त्या वर्षीच्या 'हाइड दुरुस्ती'ने गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेतला केंद्राचा पैसा, मोजके अपवाद सोडून, गर्भपातासाठी वापरायला मनाई केली. म्हणजे हक्क सर्वांना, पण जिच्या गाठीला पैसा आहे तिलाच तो बजावता येणार.

नंतर आले २०१३ साल. टेक्सास राज्याने गर्भपाताच्या दवाखान्यांसाठी नवे नियम आणले. डॉक्टरला ४८ किलोमीटरच्या आतल्या इस्पितळात रुग्ण दाखल करण्याची मान्यता हवी. दवाखान्याची इमारत शस्त्रक्रिया केंद्राच्या तोडीची हवी, अगदी व्हरांड्याच्या रुंदीसकट. कारण सांगितले गेले 'स्त्रियांची सुरक्षितता'. हे विधेयक अडवण्यासाठी आमदार वेंडी डेव्हिस राज्याच्या सिनेटमध्ये सुमारे ११ तास उभ्या राहून बोलल्या. त्या रात्री ते अडले, पण जुलैत संमत झाले. राज्यातले दवाखाने सुमारे ४० होते, ते सुमारे २० वर आले.

मेक्सिकोच्या सीमेलगतच्या मॅकॅलन शहरातला दवाखाना २०१४ साली काही महिने बंद होता. तिथल्या बाईला सॅन अँटोनिओ गाठायचे तर सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास. आजारपणाची भरपगारी रजा देणारा केंद्रीय कायदा त्या देशात नाही. तासावर मजुरी करणाऱ्या बाईची त्या दिवसांची मजुरी बुडते, मुले कुणाकडे ठेवायची हा प्रश्न उरतो, गाडीभाडे वेगळेच. शिवाय वाटेत सीमा पोलिसांची चौकी. जिच्याकडे कागदपत्रे नाहीत तिला ती ओलांडताच येत नाही. कायद्याने कुणीही तिला 'नाही' म्हटलेले नव्हते, तरी तिचा रस्ता बंद होता.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी हे नियम रद्द केले. आपण जिंकलो असे तिथल्या मैत्रिणींना वाटले असेल. पण बंद पडलेले बहुतेक दवाखाने पुन्हा उघडले नाहीत. दवाखाना बंद पाडायला एक नियम पुरतो. जागा, डॉक्टर, नर्स, परवाना पुन्हा जमवायला वर्षे जातात.

ही दूरदेशीची गोष्ट इथे का सांगते आहे? आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. २०२१ साली काही परिस्थितींत मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही हा लाभ दिला. पण आपला कायदा निर्णय डॉक्टरच्या मतावर सोपवतो. तो बाईचा हक्क म्हणून लिहिलेलाच नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, तरी ठिकठिकाणी नवऱ्याची सही मागितली जाते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपणच लढलो, १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला, याचा मला अभिमान आहे. परंतु त्याच कायद्याच्या धाकाने औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवायचे टाळू लागले, तर अडचण होते ती गावातल्या बाईचीच. लिंगनिवडीला विरोध आणि सुरक्षित गर्भपाताचा आग्रह, या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच दमात बोलाव्या लागतील.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सससारख्या पुराणमतवादी राज्यात राज्यघटनेतला हा हक्क काढण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले. सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो फेटाळला. कारण कार्यकर्त्यांनी लोकांमध्ये जाऊन काम केले होते.

म्हणून माझी विनंती. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात एकदा जाऊन विचारा: इथे गर्भपाताची सेवा मिळते का? आठवड्यातून किती दिवस? सही कुणाची मागतात? मिळालेले उत्तर आम्हाला कळवा. हक्क टिकतो तो दवाखान्याचे दार उघडे असेपर्यंतच, आणि ते उघडे आहे की नाही हे आपणच पाहत राहिले पाहिजे.