आरचा कोड पायथनमध्ये : ओळींचे पैसे मागू नका, उत्तराचे मागा

दातिवऱ्यात घरी बसून, फक्त लॅपटॉपवर धंदा होईल का? होईल. आज एका कमी गर्दीच्या कामाबद्दल बोलू : 'आर' भाषेतला कोड 'पायथन'मध्ये आणून देणं.

आर ही मुळात संख्याशास्त्राची भाषा, न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी घडवलेली. तिची १.० आवृत्ती २००० साली आली. पायथन १९९१ पासूनची आणि सगळ्या कामांची : वेबसाइट, अ‍ॅप, मशीनचा डेटा, काहीही. आकडेमोड आरमध्ये आणि बाकीची सिस्टिम पायथनमध्ये, अशी वेळ आली की कंपनी म्हणते, सगळं एकाच भाषेत आणा.

आता माझं स्पष्ट मत. नुसत्या भाषांतराला यापुढे भाव नाही. ओळीला ओळ बदलून देणं एआय टूल काही मिनिटांत करतं. तुम्ही विकायचं ते एकच : जुनं उत्तर आणि नवं उत्तर जुळतंय याची खात्री.

आता तुम्ही म्हणाल, कोड बरोबर असेल तर उत्तर का बदलेल? बघा. समजा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पाच नोंदी आहेत : ९८, ९९, १००, १०१, १०२. आरचं 'एसडी' फंक्शन प्रमाण विचलन देतं १.५८. पायथनच्या 'नमपाय'चं 'एसटीडी' काहीही न सांगता वापरलंत, तर १.४१. दोन्ही बरोबरच! आर चारने भागते (एकूण नोंदी वजा एक), नमपाय पाचने. पण सरासरीच्या खाली तीनपट विचलन ही मर्यादा असेल तर आरमध्ये ती ९५.२६ येते, नमपायमध्ये ९५.७६. म्हणजे ९५.५ चा माल काल पास होता, आज अडकला. कोडमध्ये एरर कुठेच नाही, आणि गेटवर गाडी उभी! (गंमत म्हणजे पायथनचंच 'पांडाज' आरसारखंच भागतं.)

रिकाम्या नोंदींचंही तेच. एक नोंद राहिली असेल तर आर सरासरी द्यायलाच नकार देते, पांडाज ती गाळून गुपचूप उत्तर देतं. आर मोजणी एकपासून सुरू करते, पायथन शून्यापासून. आणि कंसात वजा एक लिहिलं तर आर पहिली नोंद वगळते, पायथन शेवटची उचलून देतं. सफाळ्याच्या बाजारात बोंबील घेताना आपण वजनकाटा आधी बघतो ना? इथेही काटा आधी.

म्हणून कोटेशन देण्याआधी गिऱ्हाइकाकडून जुना डेटा आणि जुनी उत्तरं मागा. देत नसेल तर काम घेऊ नका, सरळ सांगतो. आणि आरचा कोड नीट चालत असेल, कुणाला त्रास नसेल, तर "बदलू नका साहेब" म्हणायची तयारी ठेवा. 'आरपायटू' वापरून पायथनमधूनच आर चालवता येते. ते जोडून देण्याचे पैसे कमी मिळतील, पण पुढचं काम तुमच्याकडेच येईल.

काम दिल्यावर जुना कोड लगेच बंद करू देऊ नका. महिनाभर दोन्ही चालू ठेवा, रोजची उत्तरं शेजारी शेजारी मांडा, फरक दिसला तर कारण लिहून द्या. शेवटचा हप्ता त्या महिन्यानंतरचा ठरवा, आणि हे कोटेशनमध्येच लिहा.