लताबाईंचं ते पहाटेचं गाणं

गेल्या श्रावणात आमच्या सासूबाईंना एका गाण्यानं पछाडलं. चाल पक्की आठवते, शब्द मात्र एकही नाही. सकाळी सडा घालताना गुणगुणायच्या आणि मध्येच थांबायच्या. "लताबाईंचंच गं ते. पहाटेचं. पिक्चर लढाईचं होतं, तंबूत बघितलेलं." एवढाच पुरावा!

मी तपास सुरू केला. लताबाई, घोडे, तलवारी म्हटल्यावर सगळ्यांचं बोट भालजी पेंढारकरांकडे. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३). भजनी मंडळातल्या बाईंनी ठासून सांगितलं, 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४). लताबाईंनीच 'आनंदघन' नावानं संगीत दिलेला. नातवानं मोबाईलवर दोन्हींतली गाणी लावली. सासूबाई शांतपणे ऐकायच्या नि मान हलवायच्या. "चांगली आहेत की. पण ते नव्हे."

एकदा त्या म्हणाल्या, "शब्द जिभेवर येतात गं, पण मराठीत बसत नाहीत." मी वयाचा दोष समजले. चौऱ्याहत्तरी उलटलेली, औषधांच्या वेळाही हल्ली चुकतात. मनात नको ती शंका आली आणि दिवाळीनंतर डॉक्टरांना दाखवायचं आम्ही नवरा-बायकोनं हळूच ठरवूनही टाकलं.

दिवाळीत बैलहोंगलच्या मावशींचा फोन आला. सासूबाईंच्या धाकट्या बहीण. मी सहज म्हटलं, "आई, मावशींना म्हणून दाखवा ना." दोन ओळींची चाल झाली असेल नसेल, पलीकडून हसू फुटलं. "अय्य अक्का, इदु नम्म रायण्णन हाडु!"

'क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा', १९६७ सालचा कानडी चित्रपट. संगीत लक्ष्मण बेर्लेकर यांचं आणि गाणं 'बेळ्ळने बेळगायितु', लख्ख उजाडलं. लताबाईंनी कानडीत गायलेल्या मोजक्या गाण्यांतलं हे. संगोळ्ळी गाव बैलहोंगल तालुक्यातलंच, म्हणजे सासूबाईंच्या माहेरच्या अंगणातलं! इंग्रजांनी १८३१ साली रायण्णाला फाशी दिली ते नंदगड आमच्या खानापूर तालुक्यात. आणि मी गाणं शोधत होते कोल्हापूरच्या वाटेवर.

खरं तर मला आधी सुचायला हवं होतं. सासूबाई १९७० साली या घरात आल्या. सीमाप्रश्नाचे ते तापलेले दिवस. मामंजी तसे शांत स्वभावाचे, पण रेडिओवर धारवाड केंद्राचं कानडी गाणं लागलं की न बोलता उठून सांगली लावायचे. कुणी काही म्हटलं नाही, सासूबाईंनीही कधी विचारलं नाही. अभंग पाठ केले, गौरीची गाणी शिकल्या, मला उखाणे शिकवले. कानडी उरली ती भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती आणि बहिणीच्या फोनपुरती. मी पंचवीस वर्षं त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात उभी आहे. माहेरी त्या काय गात होत्या, हे एकदाही विचारलेलं नाही.

त्या दिवशी दोघी बहिणी फोनवर गात बसल्या. एकीला पहिली ओळ, दुसरीला पुढची, अर्ध्यात दोघींचं भांडण. चकलीचं तेल तापून धूर निघाला तरी कुणाचं लक्ष नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवानं तेच गाणं लावलं. सासूबाई रांगोळीची वाटी घेऊन दारात थबकल्या. सवयीनं त्यांची नजर आधी मामंजींच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. मग नातवाला म्हणाल्या, "आवाज वाढीव की रे जरा."