खरा वैद्य कोणाच्या वाट्याला?

वडिलांचे गुडघे धरले, आईची झोप उडाली, की घरातले कोणी तरी हमखास म्हणते, 'एकदा जुन्या, जाणत्या वैद्याला दाखवा.' ही सूचना अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेणे पुरोगाम्यांना सोपे वाटते. परंतु तिच्यामागे अनुभव आहे. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहून दोन मिनिटांत मिळालेली चिठ्ठी, आणि नाडी पाहून आहार, झोप, कोठा यांची निवांत विचारपूस करणारा वैद्य, यांतला फरक वृद्धाला कळतो. खरा प्रश्न, असा वैद्य सापडायचा कोठे आणि परवडायचा कोणाला, हा आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला छद्मचर म्हणजे औषधे, भांडी, पोथ्या यांचा देखावा मांडून वैद्य म्हणवून घेणारा. परंपरेने आपल्यातला भोंदू असा कधीच ओळखून ठेवला होता. आज मात्र त्याच छद्मचराच्या हाती जाहिरातीचे पान, दूरचित्रवाणीचा पडदा आणि मोबाईल आहे, आणि तो परंपरेच्याच नावाने माल विकतो आहे.

याची किंमत वृद्धांचे शरीर मोजते. सांधेदुखीवरच्या 'शुद्ध आयुर्वेदिक' चूर्णांत स्टिरॉइड मिसळल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. चार दिवसांत दुखणे थांबते, घरात आनंद होतो. पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि चूर्ण एकाएकी बंद केले तर जिवावर बेतते. बोस्टनमधील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. आयुर्वेदावर प्रेम असणाऱ्यांनीच या गोष्टीने अधिक अस्वस्थ व्हायला हवे.

कायदा नाही असे नाही. मधुमेह, पक्षाघात, मोतीबिंदू, बहिरेपणा बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीस राज्याची पूर्वमंजुरी हवी, असा नियम २०१८ साली आला. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच तो वगळला. प्राचीन विद्येचा अभिमान व्यासपीठावरून मिरवायचा आणि तिच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीवरचा अंकुश काढून घ्यायचा, याला परंपरेची सेवा म्हणत नाहीत.

दुसरीकडे, अस्सल उपचार श्रीमंतांच्या विश्रांतिगृहांत पोचले आहेत. तेथील तीन आठवड्यांच्या पंचकर्माचा खर्च शेतमजुराच्या वर्षाच्या कमाईलाही पेलणार नाही. हे अटळ मात्र नाही. पी. एस. वारियर यांनी १९०२ साली कोट्टक्कल येथे आर्यवैद्यशाळा काढली आणि १९२४ साली गरिबांसाठी धर्मार्थ रुग्णालय उभारले. शास्त्रशुद्ध औषध आणि गरिबाचा हक्क एकत्र नांदू शकतात, याचा हा दाखला आहे. एका वैद्याला जे सुचले, ते लोकनियुक्त सरकारला का सुचू नये?

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक हा या चारांतला सर्वांत उपेक्षित पाद. ज्या मुलाची एका खाड्याने रोजी बुडते, जी सून दिवसभर दुसऱ्याच्या घरी भांडी घासते, त्यांनी म्हाताऱ्या आईला रोज तेल कधी लावायचे, पथ्याचे कधी रांधायचे? सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे छत्र मिळाले. पण ते इस्पितळात दाखल होणाऱ्यांसाठी. म्हातारपणाचे बहुतेक दुखणे घरच्या बाजेवरच काढले जाते.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. तालुक्याच्या रुग्णालयात नोंदणीकृत वैद्य आणि डॉक्टर एकाच छपराखाली बसावेत. रुग्णाच्या सर्व औषधांची यादी दोघांसमोर असावी. औषधांचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत तपासून निष्कर्ष जाहीर व्हावेत. वृद्धांच्या सेवेसाठी कामगारांना भरपगारी रजा मिळावी.

कार्यकर्त्यांनी आठवडेबाजारात उभे राहून लोकांना इतके तरी सांगावे: वैद्याची नोंदणी विचारा, पुडीवर निर्मात्याचे नाव व परवाना पाहा, चालू गोळ्या परस्पर बंद करू नका, आणि म्हातारपणच घालवतो म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. जरा हा देहाचा स्वभाव आहे, हे चरकालाही मान्य होते. वेदनेत एकटे पडणे मात्र देहाचा स्वभाव नव्हे. ते समाजाचे पाप आहे, आणि त्यावर उपाय आहे.